कच्ची पिठी, शिजलेली खळ

डिसेंबर अर्धा सरला की चेन्नईत मार्गळी महिना लागतो. मैलापूरच्या जुन्या गल्ल्यांत पहाटे सडे पडतात आणि पोंगलपर्यंत रोज दारोदारी कोलम उमटतं. जानेवारीत कपालीश्वराच्या देवळाजवळ नॉर्थ माडा स्ट्रीटवर कोलमची स्पर्धाही भरते. डांबरी रस्त्यावर ओणवं होऊन बायका, मुली आणि अलीकडे काही पुरुषही आपापला चौकोन भरतात. परगावच्या माणसाला त्यातली नक्षी दिसते. मुलांना कलेचं काही शिकवू पाहणाऱ्याने मात्र नक्षी सोडून त्या बोटांकडे बघावं.

तर्जनी आणि मधलं बोट यांच्या पन्हळीत पिठी धरलेली असते आणि अंगठा ती पुढे सारत असतो. हात जमिनीपासून दोन-तीन बोटं वर. जरा आणखी वर गेला की रेघ पसरट होते, खाली आला की जाड आणि अडखळती. हात सावकाश चालला तर पिठीचा बांध घातल्यासारखा दिसतो, भराभर चालला तर रेघ विरळ होऊन तुटते. म्हणजे एका रेघेत तीन गोष्टी गुंतलेल्या आहेत : अंगठ्याचा दाब, हाताची उंची आणि वेग. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती पिठी दिली की पहिल्यांदा ढीग पडतो, मग ढिगांची माळ होते, आणि कधीतरी अचानक वीतभर रेघ सलग येते. तेव्हा ‘छान!’ म्हणून मोकळं होऊ नये. ‘आता हात थोडा वर धरून बघ,’ एवढंच म्हणावं. तीनपैकी दोन गोष्टी तशाच ठेवायच्या आणि एकच बदलायची. प्रयोगशाळेत जे करतात तेच हे, फक्त अंगणात.

यानंतरचा प्रयोग पिठीचाच. तांदळाची बारीक पिठी, इडली-रव्याएवढी भरड कणी आणि बाजारातली दगडी रांगोळी अशा तीन वाट्या भरून ठेवाव्यात. आपल्याकडे रांगोळी शिरगोळ्याची असते. चेन्नईतही रोजच्या कोलमला आता बहुतेक घरी दगडाचीच पूड वापरतात, तांदळाची पिठी सणावाराला. मुलांना वाटतं की जितकी बारीक पूड तितकी रेघ सुबक. प्रत्यक्षात उलटं होतं. फार बारीक पिठी बोटांना चिकटते आणि गुठळ्यांनी पडते, त्यातून समुद्रकाठची दमट हवा असली तर बघायलाच नको. कण बारीक असले की त्यांचं वजन नगण्य होतं आणि एकमेकांना चिकटून राहण्याची ओढ त्यापुढे वरचढ ठरते. भरड कण वजनाने सुटे पडतात, म्हणून वाहतात. पिठीत चमचाभर बारीक वाळू मिसळली की ती लगेच सरळ वागायला लागते. हे मुलांनी स्वतः शोधून काढलं तर उत्तम. नाही काढलं तर सांगून टाकायला हरकत नाही; सगळंच मुलांनी शोधावं हा हट्ट मला कधी पटलेला नाही. दगडी पुडीबाबत एक काळजी मात्र घ्यावी : ती फुंकायची नाही आणि तिची धूळ नाकाशी येऊ द्यायची नाही.

जाता जाता आणखी एक. पिठीची एक रेघ आणि शेजारी दगडी रांगोळीची एक रेघ काढून दोन्ही दुपारपर्यंत तशाच ठेवा. कोलम हे मुंग्या-पाखरांना घातलेलं अन्न असतं, असं तमिळ घरांतून सांगतात. ते कोणत्या रेघेबद्दल खरं आहे, हे मुंग्याच दाखवून देतात.

‘साधं साहित्य’ म्हणजे काय, याचं उत्तर मी यावरून ठरवलं. स्वस्त ते साधं असं काही नाही. ज्याचं वागणं मुलाला डोळ्यांनी दिसतं आणि हाताने बदलता येतं, ते साधं. पोस्टर कलरची बाटली फार महाग नसते, पण ती बंद वस्तू आहे. आत रंगाची पूड कोणती, ती कागदाला कशाने चिकटते, पाणी किती, यातलं काहीच मुलाला कळत नाही. ते फक्त झाकण उघडतं. ‘हस्तकला संच’ म्हणून जे खोके मिळतात, ज्यांत कापलेले तुकडे असतात आणि कुठे काय चिकटवायचं त्याचे आकडे, त्यांची तर मी कलेत गणनाच करत नाही. तांदळाचं सगळं उघड्यावर असतं.

कोलमकडे परत येऊ. ठिपक्यांभोवती वळसे घेत जाणाऱ्या कोलमला सिक्कु कोलम म्हणतात. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत बहुधा ठिपके जोडले जातात. इथे ठिपक्याला रेघ शिवत नाही, ती त्याला घेरून पुढे जाते आणि शेवटी जिथून निघाली तिथेच येऊन मिळते. चौथीच्या पुढच्या मुलांसाठी यात एक बहारदार कोडं आहे. ठिपक्यांचा सरळ आयत मांडायचा. समजा, तीन ओळी आणि प्रत्येकीत चार ठिपके. शेजारशेजारच्या ठिपक्यांच्या मधून तिरकी रेघ न्यायची, कडेच्या ठिपक्याला वळसा घालून आत आणायची आणि हात न उचलता चालत राहायचं. तीन-चारच्या आयतात एकाच रेघेत सगळे ठिपके घेरले जातात. तीन-तीनच्या चौकोनात मात्र रेघ मध्येच स्वतःला येऊन मिळते, काही ठिपके अर्धवट उरतात आणि पुन्हा नव्याने सुरुवात करावी लागते. एकूण तीन रेघा लागतात. चार-सहाला दोन, पाच-सहाला पुन्हा एकच. सात-आठ आयत झाले की एखादं मूल ओरडतं, कारण त्याला गणिताच्या तासाला नकोसा झालेला मसावि इथे सापडलेला असतो. ओळी आणि ठिपके या दोन संख्यांचा मसावि जितका, तितक्याच रेघा. पाच-सहाचा मसावि एक, म्हणून रेघ एक.

चेन्नईच्या तांबरम भागातल्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी संख्याशास्त्र शिकवत. राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांच्याबरोबर त्यांनी 1974 साली कोलमच्या व्याकरणावर एक शोधनिबंध लिहिला. संगणकशास्त्रात तेव्हा भाषेच्या व्याकरणासारखं चित्रांचंही व्याकरण मांडता येईल का, याचा शोध चालू होता. थोडेच नियम पुन्हा पुन्हा लावून अगणित चित्रं कशी निघतात, याचा तयार नमुना या मंडळींना गावातल्या अंगणांत मिळाला. पुढे चित्रभाषांच्या अभ्यासात कोलमचं उदाहरण जगभर दिलं जाऊ लागलं. आपल्या आज्यांच्या हातांत हे व्याकरण होतंच. ते कुणी कागदावर मांडलेलं नव्हतं, एवढंच.

आता ओल्या कोलमकडे. खरी गंमत इथेच आहे, त्यामुळे थोडं रेंगाळू.

सणासुदीला तांदूळ भिजवून बारीक वाटतात, पाणी घालून दुधापेक्षा किंचित दाट करतात, त्यात चिंधी बुडवून ती मुठीत धरतात आणि अंगठ्याने दाबत दाबत बोटाच्या टोकावरून धार सोडतात. कडेने गेरूचा तांबडा पट्टा ओढतात, त्याला तमिळमध्ये कावी म्हणतात. मुलांना ही धार ब्राऊन पेपरवर सोडू द्यावी. जूनमध्ये वह्यांना कव्हरं घालून उरलेला असतो, तोच कागद चालेल. पहिल्या क्षणी मुलं हमखास नाराज होतात, कारण रेघ दिसतच नाही. ओला, पाणचट, करडा डाग दिसतो. पंख्याखाली पाच-दहा मिनिटं ठेवा. कडेकडून रेघ पांढरी व्हायला लागते आणि बघता बघता लख्ख उजळते. ‘मॅडम, रंग आपोआप आला!’

तो आपोआप का येतो? तांदळाचा कण पारदर्शकच म्हणावा असा असतो. कणांच्या फटींत पाणी भरलेलं असतं तेव्हा उजेड कणातून पाण्यात आणि पाण्यातून कणात फारसा न वळता आरपार जातो आणि खालचा तपकिरी कागद दिसतो. पाणी उडून गेलं की फटींत हवा शिरते. कण आणि हवा यांच्यात उजेडाच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. प्रत्येक सीमेवर तो विखुरतो आणि आपल्या डोळ्यांकडे परततो. विखुरलेला उजेड म्हणजे पांढरा रंग. वाळलेल्या रेघेवर पाण्याचा थेंब टाका, पांढरा रंग पुन्हा नाहीसा होईल. थेंब वाळला की परत येईल. हा खेळ मुलं तासभर खेळतात आणि त्यांना थांबवायचं काही कारण नाही.

पण वाळलेल्या रेघेवरून बोट फिरवलं की ती निघून येते. रंग मिळाला, तो धरून ठेवणारं काही मिळालं नाही. आता त्याच तांदळाला चुलीवर चढवायचं, अर्थातच मोठ्या माणसाने. वाटीभर पाण्यात दोन चमचे पिठी कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं. साधारण 65 ते 75 अंशांच्या दरम्यान एकाएकी ते दाट व्हायला लागतं, पांढरेपणा जातो आणि काचेसारखी झाक येते. पिठीचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात, एकमेकांत मिसळतात. उजेड विखुरणाऱ्या सीमा उरत नाहीत. ही आपली खळ. साड्यांना लावायची, पतंग चिकटवायची. एकाच तांदळातून दोन अगदी उलट्या गोष्टी निघाल्या : कच्ची पिठी पांढरी पण चिकटत नाही, शिजलेली खळ चिकटते पण पांढरी नाही.

जगातला कुठलाही रंग याच दोघांच्या संसारावर चालतो. एक दिसणारा, एक धरून ठेवणारा. तैलरंगात धरणारं जवसाचं तेल असतं, जलरंगात डिंक, भिंतीच्या डिस्टेंपरमध्ये आणखी काही. मुलांनी पाच वाट्यांत कच्ची पिठी घ्यावी आणि पहिल्या वाटीत खळ शून्य, पुढे प्रत्येकीत एकेक चमचा वाढवत न्यावी. पाच रेघा ओढून वाळवाव्यात आणि पुसून बघाव्यात. पहिली पुसली जाईल. शेवटची घट्ट बसेल, पण मळकट दिसेल. मधली कुठलीतरी पसंत पडेल. कुठली, हे तांदळावर, कागदावर आणि पसंत करणाऱ्यावर अवलंबून आहे. पुस्तकात छापण्यासारखं उत्तर त्याला नाही. तांदळाच्या जागी गेरू घेतला तर तोच प्रयोग तांबड्या रंगात होतो. गेरूचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, उन्हाने न विटणारा. हजारो वर्षांपूर्वीच्या गुहाचित्रांतला तांबडाही त्याच जातीचा.

हे वाचताना मराठी वाचकाला डहाणू-तलासरी आठवली असेल, तर बरोबर आठवली. वारली घरात शेणाने किंवा गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीत डिंक घालून, बांबूची काडी टोकाशी चावून केलेल्या कुंचल्याने लग्नाचा चौक लिहितात. परंपरेने ते काम सुवासिनींचं. 1970च्या दशकात गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी रोजचं गावचं जगणं कागदावर आणलं आणि 2011 साली ते पद्मश्री झाले. चेन्नईची कावी आणि डहाणूचा गेरू, तिथली पिठी आणि इथली पिठी. हजार-बाराशे किलोमीटर अंतर आहे, पण सामान एकच.

या दोन टोकांची गाठ चेन्नईतच पडली, तीही मुलांच्या पुस्तकांत. गीता वुल्फ यांनी 1994 साली तिथे तारा बुक्स ही प्रकाशनसंस्था सुरू केली. सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एका भुकेल्या सिंहाच्या गोष्टीची चित्रं इंद्रप्रमित रॉय यांनी वारली वळणाने काढली होती आणि ती हाताने स्क्रीन-प्रिंट केली होती. पुढे रमेश हेंगाडी, शांताराम धडपे आणि त्यांच्या घरच्या वारली कलाकारांबरोबर ‘डू!’ नावाचं पुस्तक निघालं. तपकिरी खाकी कागदावर पांढऱ्या शाईत क्रियापदं : माणसं पळतायत, नाचतायत, भांडतायत, शेत लावतायत. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धड, त्याला काड्यांचे हातपाय. त्रिकोण जरा कलला की माणूस चालायला लागतो. मुलांना हे जमतं, कारण अवयव ‘हुबेहूब’ काढण्याच्या जाचातून ती सुटतात. आणि कागद मुळातच गडद असल्याने त्यांना उजेड काढायला मिळतो. पांढऱ्या कागदावर जन्मभर आपण सावलीच काढत असतो.

इथे थोडं मागे जायला हवं. मद्रासमध्ये अलेक्झांडर हंटर या सर्जनने 1850 साली कलाशाळा काढली. आज एग्मोरला आहे ते शासकीय ललित कला महाविद्यालय तीच. आपलं जे. जे. तिच्यानंतरचं, 1857चं. या काळातल्या सरकारी कलाशाळांतून नमुना समोर ठेवून नक्कल करण्यावर भर होता. तीच सवय शाळांच्या चित्रकलेच्या तासात झिरपली आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांतल्या स्थिरचित्रांतून आपल्यापैकी अनेकांच्या हातांत आली. ती वाईट होती असं मी म्हणणार नाही. नजर तयार होते. पण साहित्याशी ओळख होत नाही, कारण साहित्य ठरलेलं असतं.

दुसरा धागा त्याच शहरातल्या अड्यारचा. थिऑसॉफिकल सोसायटीच्या जॉर्ज अरुंडेल यांच्या बोलावण्यावरून मारिया माँटेसरी नोव्हेंबर 1939 मध्ये तिथे आल्या. शिक्षकांच्या पहिल्या वर्गाला देशभरातून तीनशेहून जास्त लोक आले. मुक्काम काही महिन्यांचा ठरला होता; महायुद्धाने तो 1946 पर्यंत लांबवला. इटली युद्धात उतरल्यावर त्यांच्या मुलाला, मारिओला, काही काळ नजरकैदेत ठेवलं ते आपल्या अहमदनगरला. मुक्त चित्रकलेच्या नावाखाली मुलांच्या गिरगोट्यांचं कौतुक करणं माँटेसरीबाईंना पटत नसे. चित्र थेट शिकवू नका, हात आणि डोळा तयार करा, चित्र मागाहून येईल, असं त्यांचं म्हणणं. व्हिएन्नाचे कलाशिक्षक फ्रान्झ चिझेक बरोबर उलट सांगत : मुलाला कागद, कात्री, लिनोलियम, जे हवं ते द्या आणि बाजूला व्हा. मला दोघांतला कुणी एक निवडायला सांगितलं तर मी चिंधीतून पिठीची धार सोडणाऱ्या पोरीकडे बोट दाखवेन. तिचा हात तयार होतो आहे आणि चित्रही.

माँटेसरीची महागडी साधनं आपल्या गावांत कशी आणायची, या प्रश्नाला उत्तर मराठी मुलखातूनच आलं. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे अनुताई वाघांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या यांतून शिकण्याची साधनं उभी केली. मुलं बहुतेक वारल्यांची, म्हणजे घरी भिंतींवर चौक बघत वाढलेली.

आता पुन्हा प्रयोगांकडे. मेणाचा प्रयोग थोडक्यात उरकतो. चेन्नईच्या दक्षिणेला इंजंबाक्कमला के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली चोळमंडल हे कलाकारांचं गाव वसवलं. चित्रं विकली जात नसत तेव्हा बाटिक आणि इतर हस्तकलेवर त्यांचं घर चाले. बाटिकमध्ये मेण लावलेल्या जागी रंग पोचत नाही. मुलांच्या हाती गरम मेण द्यायचं नाही. पांढऱ्या मेणबत्तीने कागदावर काहीही लिहायचं आणि वरून पातळ जलरंग फिरवायचा. पाणी मेणावरून घरंगळतं, लिहिलेलं उमटतं. जुन्या सुती चादरीच्या तुकड्यावर हेच खळीने करता येतं. दाट खळ थापायची, रात्रभर वाळवायची, कापड चुरगळून तडे पाडायचे, वरून कापडाचा पक्का रंग फासायचा आणि रंग वाळला की कोमट पाण्यात खळ धुवायची. तड्यांतून शिरलेल्या रंगाच्या शिरा फार सुंदर दिसतात, आणि त्या कुणालाही ठरवून काढता येत नाहीत.

स्क्रीन-प्रिंटिंगला मात्र अख्खी दुपार द्या. भरतकामाच्या लाकडी रिंगेत जुन्या झिरझिरीत ओढणीचा तुकडा तबल्यासारखा ताणून बसवायचा. मेणकागदातून आकार कापून काढायचा; मासा, पान, वारली माणूस, काहीही. ब्राऊन पेपरवर मेणकागद, त्यावर रिंग. आता पांढऱ्या पोस्टर कलरमध्ये आपली तांदळाची खळ मिसळून तो श्रीखंडाइतका दाट करायचा. पातळ रंग कापडाखाली पसरतो आणि माशाला मिशा येतात. मिशा आल्या की मुलांना खळीचं काम कुणी सांगावं लागत नाही. जुन्या पुठ्ठ्याच्या किंवा रबराच्या पट्टीने रंग एकदाच, एका दिशेने ओढायचा आणि रिंग सरळ वर उचलायची. पहिल्या छापानंतर मेणकागद ओल्या रंगाने कापडाला आपोआप चिकटून राहतो, त्यामुळे पुढचे छाप भराभर निघतात.

हेच काम तारा बुक्सच्या छपाईघरात एकेका रंगासाठी वेगळ्या स्क्रीनवर होतं आणि प्रत्येक पान वाळायला ठेवावं लागतं. भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या गोंड कलाकारांचं झाडांवरचं काळ्या हातकागदाचं पुस्तक असंच 2006 साली निघालं आणि 2008 साली बोलोन्याला त्याला पारितोषिक मिळालं. घरी दुसरा रंग चढवायचा असेल तर कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसला पाहिजे. त्यासाठी टेबलावर पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवून ठेवाव्यात आणि कागदाचा कोपरा त्यांत अडकवावा. तरीही काही छाप सरकतीलच. ते फेकू नयेत, पाठीमागे क्रमांक घालून ओळीने लावावेत, म्हणजे कितव्या छापाला रंग पातळ पडला आणि कधी कागद हलला ते मुलांना स्वतःच वाचता येतं. आणि रिंगेवरचं कापड ताबडतोब धुवावं. रंग वाळला की भोकं बुजतात आणि ती ओढणी पुढच्या वेळी कामाची राहत नाही.